गासच्या संताचे नाव आणि वसईच्या दगडातले घर

वसई म्हटले की मराठी वाचकाला १७३९ हे वर्ष आठवते. चिमाजी अप्पांची मोहीम, सुरुंगांनी फोडलेले बुरूज, मे महिन्यात झालेला तह आणि शहर सोडून निघालेले पोर्तुगीज, या साऱ्याला आपल्या इतिहासलेखनात मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु जे जिंकले ते काय होते, या प्रश्नाकडे मराठी अभ्यासक क्वचितच वळले आहेत. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतरची दोन शतके येथे एक पूर्ण नगर नांदत होते. त्याला तटबंदी होती, चौक होते, मठ, इस्पितळ, महाविद्यालय आणि अनेक चर्चे होती. या नगराचा शेवट आपण तपशिलाने वाचतो. त्याचा मजकूर मात्र न वाचताच पान उलटतो.

प्रस्तुत लेखात आम्ही या मजकुरातील एकच प्रकरण वाचायला घेतले आहे. वसई किल्ल्यातील जे चर्च आज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते, त्याची वास्तुकला, त्याचे नाव आणि त्या नावाचे पुढचे प्रवास, एवढा या लेखाचा विषय आहे. या प्रकरणाचे एक टोक गास या गावात आहे. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या वसईच्या हरित पट्ट्यातले हे गाव. शेजारी भुईगाव, पलीकडे निर्मळ आणि वाघोली. गासचे चर्च याच संताला वाहिलेले आहे. किल्ल्यातील वास्तू सोळाव्या शतकातली. गासचे चर्च त्या मानाने अर्वाचीन. संत ही पदवी गोन्सालो गार्सिया यांना ८ जून १८६२ रोजी मिळाली, तेव्हा त्यांना संत म्हणून वाहिलेली कोणतीही वास्तू त्याआधीची असू शकत नाही. मग किल्ल्यातल्या तीन शतके जुन्या भिंतींवर हे नाव आले कोठून? आमच्या मते वसईच्या चर्चवास्तूंचा इतिहास वाचण्याची किल्ली याच प्रश्नात आहे.

भूमीचे आधीचे थर

वास्तूकडे जाण्यापूर्वी भूमीकडे पाहावे लागते. गासच्या एका बाजूला सोपारे आहे. प्राचीन शूर्पारक ते हेच. येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन केले आणि बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यातच मिळाला होता. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला तो गासला लागून असलेल्या भुईगावी. म्हणजे दगडावर लिहिण्याची आणि ते लेखन पुढच्यांनी विसरून जाण्याची परंपरा या परिसरात बावीस शतकांहून जुनी आहे.

पोर्तुगीज आले ते अशा भरलेल्या भूमीवर. त्यांच्या काळात या भूमीवरील देवळांवर आघात झाले, हे लपवण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याचे उदाहरण डोळ्यांसमोरच आहे. शैव लेणे फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो यांच्या पुढाकाराने चर्च झाले आणि त्याच्या माथ्यावर उभारलेल्या इमारतीचे भग्नावशेष अजून तेथे आहेत. निर्मळच्या तीर्थक्षेत्रावरही घाला आला आणि पेशवाईत तेथील मंदिर पुन्हा उभे राहिले. आज निर्मळमध्ये मंदिर आहे, यात्रा आहे आणि होली क्रॉस चर्चही आहे. हा इतिहास अवघड आहे. तो मान्य करूनच पुढे जावे लागते, कारण तो टाळून केलेले सौंदर्यवर्णन पर्यटनपुस्तिकेच्या पलीकडे जात नाही. उलट, केवळ तेवढाच इतिहास सांगून थांबले तर ज्या स्थानिक हातांनी या वास्तू घडवल्या आणि ज्या स्थानिक कुटुंबांनी पुढे त्या आपल्या मानल्या, त्यांना आपण दुसऱ्यांदा बेदखल करतो.

दर्शनी भिंत : एक वाक्य

किल्ल्यात १५३६ साली पायाभरणी झालेला बालेकिल्ला हा सर्वांत आतला भाग. पुढे शहर वाढले, तटबंदी रुंदावली. सान सेबास्तियाओ बुरुजावर १५५४ हे साल कोरलेले होते. या तटाच्या आत प्रत्येक धर्मसंघाने आपापले चर्च आणि मठ बांधले. फ्रान्सिस्कनांचे संत अंतोनीचे चर्च, डोमिनिकनांचे, ऑगस्टिनियनांचे, आणि जेझुइटांचे येशूच्या पवित्र नावाला वाहिलेले चर्च. यांखेरीज शहराचे मुख्य चर्च म्हणजे संत जोसेफचे 'मात्रिझ'. आपला आजचा विषय असलेली वास्तू म्हणजे यांतील जेझुइटांचे चर्च.

सोळाव्या शतकाच्या मध्याला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या वसईभेटींनंतर, जेझुइटांनी येथे आपले ठाणे मांडले. त्यांच्या महाविद्यालयाला लागूनच हे चर्च उभे आहे. किल्ल्यातील इतर चर्चांच्या दर्शनी भिंतींशी ताडून पाहिली तर या भिंतीचे वेगळेपण चटकन कळते. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये भर आहे तो आतल्या खोलीवर, बाजूच्या चॅपेलांवर, जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिलांवर. जेझुइटांची भिंत मात्र रस्त्याशी बोलते. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या पन्हळी असलेले स्तंभ, त्यांच्या माथ्यावर कोरिंथियन घाटाची पानेदार शीर्षे, वर आडवी पट्टी, आणि त्यावर तीन अक्षरांचे चिन्ह : आय, एच, एस. येशूच्या ग्रीक नावातील इओटा, ईटा आणि सिग्मा या पहिल्या तीन अक्षरांचे हे लॅटिन रूप जेझुइट संघाने आपले बोधचिन्ह केले होते. चर्चच येशूच्या नावाला वाहिलेले, आणि दाराच्या वर तेच नाव. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर ही दर्शनी भिंत म्हणजे एक वाक्य आहे. स्तंभ, पट्टी आणि कमान हे त्याचे व्याकरण, आणि नाम हा त्याचा कर्ता.

हे व्याकरण वसईत कसे पोहोचले? युरोपात सोळाव्या शतकात स्तंभांच्या पाच घाटांचे नियम छापील पुस्तकांतून पसरले. सेबास्तियानो सेर्लियो या इटालियन वास्तुविदाचे या घाटांवरील पुस्तक १५३७ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाले. चित्रांनी भरलेल्या अशा पुस्तकांमुळे रोम न पाहिलेल्या कारागिरालाही रोमन स्तंभ घडवता येऊ लागला. म्हणजे मुद्रणकलेने भाषेच्या बाबतीत जे केले तेच वास्तूच्या बाबतीतही केले : नमुना प्रमाण झाला आणि त्याच वेळी तो दूरच्या हातांत जाऊन बदलायला मोकळा झाला. मराठीच्या विद्यार्थ्याला हे अपरिचित वाटू नये. फादर स्टीफन्स यांनी याच जेझुइट परंपरेत राहून गोव्यात आपले पुराण मराठी ओवीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. तेथे आशय बाहेरचा आणि छंद येथला होता. वसईच्या दर्शनी भिंतीत उलटे घडले : छंद बाहेरचा आणि दगड, चुना, छिन्नी येथली.

छिन्नी येथली होती म्हणून तिच्या आजूबाजूच्या निसर्गाचाही विचार करावासा वाटतो. कोरिंथियन शीर्षावरील पाने अकँथस या वनस्पतीची असतात. भूमध्यसागरी प्रदेशातली ही जात वसईत उगवत नाही. पण तिच्याच कुळातली, काटेरी कडांच्या पानांची आणि जांभळट निळ्या फुलांची मारांडी कोकणच्या खाड्यांतील खारफुटीत सर्रास आढळते. पुस्तकातल्या पानाची नक्कल करणाऱ्या हाताला तशाच घडणीचे पान ओहोटीच्या चिखलात भेटत होते, हा योगायोग आम्हाला मोठा अर्थपूर्ण वाटतो. यावरून वसईच्या कारागिराने मारांडी कोरली असे सिद्ध होत नाही. परका वाटणारा आकार या भूमीला अगदीच परका नव्हता, एवढे मात्र म्हणता येते.

दगड, चुना, सागवान

वसईच्या चर्चांचे बांधकाम समजून घ्यायचे तर तीन द्रव्ये ध्यानात घ्यावी लागतात. भिंतींचा गाभा ओबडधोबड दगडाचा आणि चुन्याचा, कोपरे, चौकटी व कमानी घडीव दगडाच्या, आणि छप्पर लाकडी वाशांवर कौलांचे. मोठ्या सभागृहावर बहुधा लाकडी छप्पर असे. वेदीचा भाग आणि बाजूची चॅपेले यांवर मात्र दगडी कमानीचे आच्छादन घालण्याची रीत होती. हा भेद आजच्या अवशेषांत डोळ्यांना दिसतो. सभागृहे उघडी पडली आहेत आणि वेद्यांवरच्या कमानी अनेक ठिकाणी शाबूत आहेत. लोक म्हणतात की चर्चे पाडली गेली. अंशतः ते खरे असेल; पण वास्तूचा पहिला शत्रू पाऊस असतो. छपराची निगा थांबली की वासे कुजतात, कौले पडतात, उघड्या भिंतीच्या माथ्यावर वड-पिंपळाचे बी रुजते आणि मुळे चुना फोडतात. १६१८ च्या मे महिन्यातील भीषण वादळाने शहरातील चर्चांची आणि मठांची छपरे उडाल्याची वर्णने आहेत. तेव्हा शहर श्रीमंत होते आणि छपरे पुन्हा चढली. १७३९ नंतर ती चढवणारे कोणी उरले नाही.

वसईचा दगड केवळ वसईतच राहिला नाही, ही बाब फारशी सांगितली जात नाही. गोव्यातील इमारतींचा मुख्य दगड जांभा. तो मऊ, सच्छिद्र. त्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. म्हणून जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भिंतीसाठी काळा बेसॉल्ट वसईहून समुद्रमार्गे नेला गेला. ही बॅसिलिका १५९४ साली बांधायला घेतली आणि १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. आज जागतिक वारसा म्हणून जगभरचे लोक जी भिंत पाहायला येतात तिचे तांबूस अंग गोव्याचे आहे, पण तिच्या स्तंभांची आणि चौकटींची काळी रेषा वसईची आहे. तिच्या माथ्यावरही तीच तीन अक्षरे आहेत. वसई आणि गोवा यांच्यातील नाते राज्यकारभाराचे होते तसेच खाणीचेही होते.

या बांधकामाची आणखी एक निशाणी आपल्या बोलण्यात उरली आहे. घमेले, बिजागरी, चावी आणि पगार हे चार शब्द पाहावेत. चारही पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले मानले जातात. एकात चुना कालवला, दुसरीवर दार फिरले, तिसरीने ते कुलूपबंद झाले आणि चौथ्यासाठी मजूर संध्याकाळी रांगेत उभा राहिला. मठातले ईश्वरज्ञान स्थानिक मजुरापर्यंत किती पोहोचले हा वादाचा विषय होऊ शकेल. बांधकामाची भाषा मात्र त्याच्यापर्यंत पोहोचली आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राची झाली. दुसऱ्या दिशेनेही देवाणघेवाण झाली. वसईकडच्या ख्रिस्ती बोलींत चर्चला 'देऊळ' म्हणण्याची जुनी रीत आहे. वास्तूचा घाट बदलला तरी तिच्याशी असलेल्या नात्याचा शब्द लोकांनी बदलला नाही.

गोन्सालो नावाचे तीन अर्थ

आता नावाच्या प्रश्नाकडे येऊ. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथली. त्यांचे शिक्षण किल्ल्यातील जेझुइटांच्या शाळेत झाले. तरुणपणी ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, तेथील भाषा उत्तम शिकले आणि त्या संघात प्रवेश मिळावा अशी त्यांची इच्छा होती. ती फळाला आली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला. मग मनिलाला जाऊन १५८८ साली ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे मंडळ जपानला गेले तेव्हा त्याचे दुभाषी गोन्सालो होते. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि त्यावरून उठलेल्या संशयाच्या वावटळीत तोयोतोमी हिदेयोशीने ख्रिस्ती लोकांना धरण्याचा हुकूम दिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. त्यांत वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेला आणि एक वसईचा. १६२७ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत ते हे.

आता किल्ल्यात परत येऊ. १५८३ साली डोमिनिकनांनी येथे जे चर्च बांधले ते सान गोन्सालो यांच्याच नावाचे होते. पण हे गोन्सालो वेगळे. ते तेराव्या शतकातील पोर्तुगालच्या आमारांत गावचे डोमिनिकन साधू. ज्या काळी हे चर्च उभे राहत होते त्या काळी वसईचा गोन्सालो पूर्वेकडच्या समुद्रांवर होता. त्याच्या नावाचे कोणी चर्च बांधण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे एकाच तटबंदीत दोन गोन्सालोंच्या दोन आठवणी आहेत. डोमिनिकनांच्या चर्चला मुळातच ते नाव होते आणि ते आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. जेझुइटांच्या चर्चला मुळात येशूचे नाव होते आणि लोकांनी त्याला आपल्या गावच्या मुलाचे नाव दिले.

येथे आणखी एक विरोध आहे. ज्या संघाने गोन्सालो यांना शिकवले पण आपल्यात घेतले नाही त्या संघाचे हे चर्च. ज्या संघाचे ते होऊन मेले त्या फ्रान्सिस्कनांचे चर्च याच किल्ल्यात उघडे पडलेले. जपानमध्ये या दोन संघांत कार्यपद्धतीवरून तीव्र मतभेद होते; नागासाकीच्या सव्वीस जणांत तीन जेझुइट आणि उरलेले फ्रान्सिस्कन परिवारातले होते. संघांच्या नोंदवह्या काटेकोरपणे पाहिल्या तर किल्ल्यातील हे नामकरण चुकीचेच ठरेल. आम्हाला मात्र ते चुकीचे वाटत नाही. लोकांनी संघ पाहिला नाही, शाळा पाहिली. जेथे हा मुलगा अक्षरे शिकला ती भिंत त्यांनी त्याची मानली. आपल्याकडे संतांच्या जन्मस्थानाइतकीच त्यांच्या अभ्यासाच्या आणि वास्तव्याच्या जागांना पावित्र्य येते, तीच ही रीत. नाव वास्तूवर चढले ते दगडाच्या पुराव्याने नव्हे तर स्मृतीच्या अधिकाराने.

हेच नाव गासला गेले तेव्हा त्याला तिसरा अर्थ आला. सांडोर (१५६६), नंदाखाल (१५७३), पापडी (१५७४) या जुन्या धर्मग्रामांची नावे संत थॉमस, पवित्र आत्मा, कृपामाता अशी आहेत. ती युरोपातून आलेल्या भक्तीची नावे आहेत. गासने मात्र आपल्याच तालुक्यातल्या माणसाचे नाव घेतले. नावांच्या इतिहासात हे मोठे वळण आहे. पापडीच्या महाविद्यालयालाही याच संताचे नाव आहे. श्रद्धा ही बाहेरून दिलेली वस्तू राहिली नाही, ती या मातीतून बाहेर गेलेली आणि परत आलेली वस्तू झाली, असे हे नामकरण सांगते.

आणि हे नाव किती दूर गेले ते पाहण्यासाठी नागासाकीकडे वळावे लागते. तेथील ओउरा चर्च १८६४-६५ मध्ये फ्रेंच पाद्र्यांनी बांधले. जपानमधील आज उभ्या असलेल्या चर्चांत ते सर्वांत जुने मानले जाते. ते वाहिलेले आहे जपानच्या सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजेच गोन्सालो यांनाही. मार्च १८६५ मध्ये याच चर्चमध्ये, दोन शतकांहून अधिक काळ लपून श्रद्धा जपलेले जपानी ख्रिस्ती लोक पाद्र्यांसमोर प्रकट झाले. १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, निशिझाका टेकडीवर शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या सव्वीस ब्राँझमूर्तींचे स्मारक उभे राहिले. एका रांगेत, पाय जमिनीपासून सुटलेले, जणू तरंगत असलेले ते सव्वीस जण. त्यांतील एक वसईचा आहे. वसईच्या किल्ल्यातील पडकी शाळा, गासचे गावचर्च आणि नागासाकीची टेकडी ही एकाच चरित्राची तीन प्रकरणे आहेत.

कोरलेले साल आणि वाजणारी घंटा

वास्तू वाचताना शिलालेखाला आपण पुरावा मानतो. पण तोही सावधपणे वाचावा लागतो. संत जोसेफच्या मात्रिझच्या दारावर १६०१ हे साल आणि गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांचे नाव कोरलेले आहे. घाईचा वाचक ते चर्चचे जन्मसाल समजतो. लेखात मात्र पुनर्बांधणीचा उल्लेख आहे. मूळ चर्च सोळाव्या शतकाच्या मध्यातले. शिलालेख सांगतो तो आरंभ नसतो, अनेकदा तो सत्तेचा एक टप्पा असतो. मेनेझेस हे १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेने केरळच्या प्राचीन ख्रिस्ती परंपरेला लॅटिन साच्यात बसवू पाहणारे आर्चबिशप. दोनच वर्षांनी त्यांचे नाव वसईच्या दारावर येते, याला निव्वळ दुरुस्तीची नोंद म्हणता येणार नाही. महानुभावांच्या ग्रंथांतील पुष्पिका वाचताना आपण लेखक आणि लिपिक यांत जो भेद करतो, तोच येथे बांधणारा आणि नाव कोरणारा यांत करायला हवा.

शिलेवरचे साल जागेवर राहते. घंटेवरचे साल प्रवास करते. १७३९ च्या विजयानंतर वसई आणि परिसरातील चर्चांच्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा १७२१ सालची आहे. भीमाशंकरला अशी घंटा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. ज्या घंटेने शहराला प्रार्थनेची वेळ सांगितली तिने पुढे शिवमंदिरात आरतीची वेळ सांगितली. नारोशंकराची घंटा हा तर मराठीत वाक्प्रचारच झाला; मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण तो सहज लावतो आणि त्यामागे वसईचा ओतीव धातू आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. मात्र या घंटांकडे केवळ विजयचिन्ह म्हणून पाहणे अपुरे आहे. त्या वितळवून तोफा करता आल्या असत्या. तसे झाले नाही. त्यांवरील क्रूस आणि साल तसेच राहू देऊन त्या वाजवल्या गेल्या. जिंकलेल्या वस्तूचा मजकूर न पुसता तिला नवे काम देण्याची ही पद्धत आजच्या वाचकाने अभ्यासावी अशी आहे.

आज काय पणाला लागले आहे

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. जेझुइटांच्या चर्चवर दुरुस्तीनंतर छत आले आणि तेथे प्रसंगोपात्त उपासनाही होते. बाकीची चर्चे उघड्या आभाळाखाली आहेत. येथे संवर्धनाचे दोन विचार समोरासमोर येतात. भग्न वास्तू भग्नच राखावी, तिच्यात नवे काही घालू नये, हा एक. वास्तू वापरात राहिली तरच जगते, हा दुसरा. पहिल्या विचारात कालाचा प्रामाणिकपणा आहे, दुसऱ्यात माणसांचा. आम्हाला वाटते की वसईत या दोहोंची उत्तरे शेजारी शेजारी उभी आहेत हेच तिचे भाग्य आहे. छत असलेल्या चर्चमुळे इतर चर्चे मुळात कशी असतील याची कल्पना येते, आणि उघड्या चर्चांमुळे छताखालच्या भिंतीचे वय विसरता येत नाही.

खरी चिंता किल्ल्याबाहेरच्या चर्चांची आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका आली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. लोकवस्ती झपाट्याने वाढली. चारशे वर्षांपूर्वी एका पाड्यासाठी बांधलेले चर्च आज हजारोंना पुरत नाही, आणि मग जुन्या लाकडी वेद्या, सागवानी वासे, चुन्याची नक्षी, फरशीतल्या शिला यांचे काय करायचे हा प्रश्न गावोगाव उभा राहतो. गावचर्च ही जिवंत उपासनास्थळे आहेत; त्यांत फेरफार करण्याचा हक्क तेथील लोकांचाच आहे आणि बाहेरच्या अभ्यासकाने त्यांना संग्रहालय होण्याचा उपदेश करू नये. तथापि, बदलण्यापूर्वी वाचून ठेवणे एवढे तरी आपल्या हातात आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८८ मध्ये हरित वसईच्या रक्षणासाठी लोकांना एकत्र आणले तेव्हा विहिरी आणि वाड्या हाही वारसा आहे हे वसईने महाराष्ट्राला दाखवले. तीच दृष्टी भिंतीकडेही वळायला हवी.

आणि हे काम वास्तुविशारदांवर सोडून चालणार नाही. त्यात मराठीच्या विद्यार्थ्याचा वाटा आहे. चर्चच्या कोणत्या भागाला सामवेदी किंवा वाडवळी बोलीत काय म्हणतात, वेदीसमोरच्या लाकडी कठड्याला आजीच्या तोंडी कोणता शब्द आहे, घंटा वाजवणाऱ्याला, मेणबत्त्या लावणाऱ्याला कोणते नाव होते, कोणत्या सणाला कोणत्या दाराने मिरवणूक निघे, हे सारे लेखनात फार थोडे आले आहे. दगडाची छायाचित्रे कोणीही काढील. त्या दगडाला लोक काय म्हणत होते ते भाषेचा अभ्यासकच टिपू शकतो. जुनी इमारत उतरवली की तिच्या भागांची नावे पुढच्या पिढीत उरत नाहीत, कारण ज्याला नाव द्यायचे ती वस्तूच समोर नसते. पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पांसाठी आपण दरवर्षी विषय शोधत असतो. एका धर्मग्रामातील एका चर्चची शब्दसूची, तिथल्या वृद्धांशी बोलून तयार केलेली, हा विषय एका सत्रात पुरा होण्यासारखा आहे. गासपासून आरंभ करता येईल. तेथे ज्याचे नाव आहे तो स्वतः दुभाषी होता, एका भाषेतले दुसरीत पोहोचवणे हेच त्याचे काम होते.